सोलोत पॉइंट नसतात

मध्य जावात योग्यकर्ता नावाचं शहर आहे आणि तिथं सगळे जातात. एका अंगाला बोरोबुदुरचा स्तूप, दुसऱ्या अंगाला प्रंबानानची देवळं, डोक्यावर धुमसणारा मेरापी. न जाऊन सांगता कुणाला! तिथून पूर्वेला साठेक किलोमीटरवर सुराकर्ता आहे. लोक त्याला सोलो म्हणतात आणि तिथं मुद्दाम असं फारसं कुणी जात नाही. खरं तर जाणं अगदी सोपं. दोन शहरांच्या मध्ये विजेची लोकल धावते, भाडं ८,००० रुपये. दचकू नका, हे त्यांचे रुपये. आपले पन्नाससुद्धा होत नाहीत. इंडोनेशियात पैसे बदलून घेतले की कुठलाही पेन्शनर दोन मिनिटांत लखपती होतो आणि तो आनंद पहिल्या चहाचं बिल येईपर्यंत टिकतो.

बरोबर ताई आणि भाऊजी होते. भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं की नाही हे जन्मभर तपासल्यामुळे प्रवासातही त्यांच्याकडे वही असते. डाव्या बाजूला ठिकाण, उजव्या बाजूला बरोबरची खूण. मराठी माणसाला सहलीत पॉइंट लागतात हे माझं जुनं मत आहे. माथेरान घ्या, महाबळेश्वर घ्या. सूर्यालासुद्धा आम्ही ठरवून दिलेल्या पॉइंटवरूनच मावळू देतो. सोलोत भाऊजींनी हॉटेलातल्या पोऱ्याला विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे?" तो लाजला. थोडा वेळ विचार केला आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "आपण जेवलात का?"

मग त्यानं एका कागदावर यादी करून दिली. सकाळी सात वाजता काय खायचं, दहाला बाजारात कुठलं सरबत घ्यायचं, दुपारी कुठली हाडं चोखायची, रात्री नऊला कुठल्या गाडीपाशी बसायचं. शेवटची नोंद रात्री दोनची होती. भाऊजींनी चष्मा वर करून ती पुन्हा वाचली. "ही ठिकाणांची यादी आहे की मला डॉक्टरांनी दिलेल्या कागदाची उलटी प्रत?"

सोलोचं असं का झालं, याला इतिहास आहे. आणि तो मराठी माणसाला चटकन कळेल असा आहे, कारण त्यात काका-पुतण्या आहेत. मातारामचं राज्य हे जावातलं मोठं राज्य. १७४५ मध्ये दुसऱ्या पाकुबुवोनो राजानं राजधानी सोलो नदीकाठच्या साला गावी आणली. शहर जन्मलं ते तेव्हा. दहा वर्षांत घरातली भांडणं विकोपाला गेली. राजाचा मुलगा एकीकडे, राजाचा भाऊ दुसरीकडे, आणि मध्ये हिशेबाची वही घेऊन डच कंपनी. १७५५ मध्ये गियांतीचा तह झाला. पुतण्या सुराकर्त्याला राहिला, काका योग्यकर्त्याला जाऊन सुलतान झाला. इथंच थांबले असते तर ते आपले कसले? आणखी एक राजपुत्र, याच काकांचा पुतण्या आणि वर जावईसुद्धा, बंड करून उठला होता. १७५७ मध्ये त्यालाही सोलोतच एक छोटं संस्थान काढून दिलं. त्याचं नाव मांकुनगारान. म्हणजे एका शहरात दोन राजवाडे, चालत जाण्याइतक्या अंतरावर. सातारा-कोल्हापूरच्या गाद्यांच्या मध्ये निदान कराड तरी होतं.

भाऊजींचा चेहरा खुलला. "आता कसं, ओळखीच्या गावात आल्यासारखं वाटतंय."

पुढे विसाव्या शतकात पारडं पूर्ण फिरलं. डचांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यात योग्यकर्त्याचा सुलतान प्रजासत्ताकाच्या मागे ठामपणे उभा राहिला. १९४६ मध्ये त्या गावाला काही काळ देशाच्या राजधानीचा मान मिळाला, आणि आजही तिथला सुलतानच गव्हर्नर असतो. सोलोच्या दरबाराला असं नेमक्या वेळी नेमकं उभं राहणं जमलं नाही. त्याचा खास दर्जा १९४६ मध्येच गेला. सत्ता गेली, गव्हर्नरपद गेलं, पर्यटकही पलीकडच्या गावी गेले. हाताशी राहिले दोन राजवाडे, भरपूर वेळ आणि भूक. सोलोनं या तिन्ही गोष्टींचं जे केलं, तेच पाहायला तिथं जायचं.

मोठ्या राजवाड्यात एक उंच अष्टकोनी मनोरा आहे, १७८२ मध्ये बांधलेला. राजा तिथं चढून दक्षिण समुद्राच्या राणीला भेटायचा अशी श्रद्धा आहे. ही राणी म्हणजे न्याई रोरो किदुल, जावाच्या राजांची अदृश्य पत्नी. राज्यारोहणाच्या वाढदिवशी तिच्यासाठी नऊ नर्तकी बेदायो कतावांग हे नृत्य करतात आणि दहावी म्हणून ती स्वतः येते असं मानतात. दुसरी कथा अशी, की मनोरा जवळच्या डच किल्ल्यावर नजर ठेवायला बांधला. भाऊजींनी दोन्ही कथा ऐकल्या. "दोन्ही खऱ्या असणार. घरी सांगायचं किल्ल्यावर लक्ष ठेवतोय, कंपनीला सांगायचं समुद्राच्या राणीकडे जातोय." ताईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मनोऱ्याचा विषय तिथं संपला.

राजवाड्याचा मोठा भाग १९८५ मध्ये आगीत जळाला आणि पुन्हा उभारला गेला. २००४ मध्ये बारावा पाकुबुवोनो वारला. त्याला अनेक राण्यांपासून भरपूर मुलं होती, पण पट्टराणी जाहीर केलेली नव्हती. साहजिकच दोन सावत्र भावांनी तेरावा पाकुबुवोनो मीच असं सांगितलं. आठ वर्षं दोघं एकाच क्रमांकाचे राजे होते. २०१२ मध्ये समेट झाला. तोवर हिशेब ठेवणारी कंपनीसुद्धा उरली नव्हती.

या राजवाड्यातली सर्वांत मानाची मंडळी मात्र कुठल्याच वादात नाहीत. त्या म्हशी आहेत. पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या, राजघराण्याच्या. जावाच्या नववर्षाच्या रात्री, म्हणजे एक सुरोला, मध्यरात्री राजवाड्यातून पवित्र शस्त्रांची मिरवणूक निघते आणि तिच्या अग्रभागी या म्हशी चालतात. म्हशी आपणहून निघाल्या की मिरवणूक निघते. त्यांची इच्छा होईपर्यंत राजपुत्र, पुजारी, भालेकरी आणि रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं उभी. कुणी हाकत नाही, कुणी शेपटी पिळत नाही. वाटेत म्हशीनं शेण टाकलं की ते शुभ म्हणून गोळा करायला झुंबड उडते. भाऊजी म्हणाले, आमच्या खात्यातही असेच साहेब होते.

या नववर्षात आपलाही थोडा वाटा आहे. जावात पूर्वी आपल्यासारखाच शालिवाहन शक चालायचा. १६३३ मध्ये माताराम राज्याच्या सुलतान आगुंगनं इस्लामी चांद्र महिने स्वीकारले, पण वर्षांचा आकडा मोडला नाही. शके १५५५ चालू होता, तोच पुढे मोजत राहिले. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे २०२५ च्या जूनमध्ये आपलं पंचांग १९४७ म्हणत होतं तेव्हा सोलोत १९५९ उजाडलं. एकाच ठिकाणाहून निघून हे लोक आपल्या बारा वर्षं पुढे गेले आहेत, तेही घाई न करता. भाऊजींना हे फार लागलं. रात्री उशिरापर्यंत ते वहीत अधिक महिन्यांचा हिशेब मांडत बसले होते.

घाई न करणं हा सोलोचा स्वभावच. शहरात गाड्यांचे भोंगे जवळजवळ ऐकू येत नाहीत. मुख्य रस्त्याच्या कडेनं रूळ गेले आहेत, त्यांवरून वोनोगिरीला जाणारी छोटी रेल्वे मोटारी आणि स्कूटरच्या बरोबरीनं जाते. तिचं नाव बातारा क्रेस्ना, म्हणजे साक्षात भगवान कृष्ण. देव शेजारून निघाला आहे म्हटल्यावर माणसं आपोआप बाजूला होतात. बाजारात घासाघीस करून पाहावी तर विक्रेती बाई 'नाही' म्हणतच नाही. क्लेवेर हा तिथला प्रचंड मोठा कापडबाजार. तिथं ताईनं बातिकची किंमत निम्मी करून सांगितली. बाई गोड हसली. ताईनं आणखी खाली आणली. बाई आणखी गोड हसली. शेवटी ताईनं मूळ किमतीला दोन घेतली आणि बाहेर येऊन म्हणाली, "काय गं बाई, हिच्याशी भांडायचं तरी कुठून?" लावेयान या बातिकच्या जुन्या मोहल्ल्यात तर धंदा पिढ्यान् पिढ्या बायकांच्याच हाती होता. उंच भिंतींच्या वाड्यांत बसून त्या कारखाने चालवत, त्यांना 'म्बोक मासे' म्हणत, आणि नवरे बहुधा पक्षी पाळत.

या स्वभावाचा सरकारी नमुना पाहा. २००५ मध्ये लाकडी फर्निचरचा एक व्यापारी शहराचा महापौर झाला. नाव जोको विडोडो. पुढे तेच देशाचे अध्यक्ष झाले. बांजारसारीच्या बागेभोवती जुन्या वस्तूंचे जवळपास हजार फेरीवाले बसत होते आणि आधीच्या महापौरांना ते हलत नव्हते. विडोडोंनी त्यांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावलं. जेवले, पानं उचलली, स्थलांतराचा विषय नाही. पुन्हा बोलावलं. पुन्हा जेवले. पन्नासहून अधिक जेवणं झाल्यावर महापौरांनी विषय काढला, आणि २००६ मध्ये सगळे फेरीवाले वाजतगाजत मिरवणुकीनं नव्या बाजारात गेले. आपल्याकडच्या अतिक्रमण विभागाला मी हे सुचवणार होतो. भाऊजी म्हणाले, नको, पन्नास जेवणांचं टेंडर निघेल आणि फेरीवाले कॅन्टीन टाकतील.

आता जेवण. सोलोच्या स्वयंपाकाबद्दल मला एक गोष्ट राहून राहून जाणवली. दरबारात सोन्याच्या ताटांत काय वाढलं जाई, ते आज कुणी सांगत नाही. जे बाहेर फेकलं जाई, ते मात्र शहराची शान होऊन बसलं आहे. तेंक्लेंग घ्या. बोकडाचं चांगलं मटण डचांच्या आणि सरदारांच्या घरी जायचं, गरिबांना उरायची हाडं, मुंडी, खूर. ती त्यांनी मसाल्यात अशी शिजवली की आज मोटारी थांबवून लोक हाडं चोखायला बसतात. साते केरे म्हणजे भिकाऱ्याचा कबाब: मटण परवडत नाही म्हणून टोफूच्या चोथ्याचे तुकडे काडीला लावून भाजलेले. भात शिजवताना बुडाशी लागतो ती खरवड उन्हात वाळवून, तळून, वर गूळ ओतून विकतात. तिचं नाव इंतिप. आपल्याकडे खरवडीसाठी घरात भांडणं व्हायची, पण तिला पाकिटात घालून पाहुण्याच्या हाती द्यायची कल्पना कुणाला सुचली नाही.

सलात सोलो हा पदार्थ तर तह आहे. डच साहेबाला मोठा मांसाचा तुकडा हवा, जावानी सरदाराला भाज्या आणि गोड रस्सा. मग ताटात पातळ गोडसर रश्शात मांसाचा तुकडा, बाजूला उकडलेलं अंडं, गाजर, फरसबी, बटाटा आणि मोहरीच्या चवीचं सॉस. हे किल्ल्यातल्या बैठकांमधून निघालं असं सांगतात. गियांतीच्या तहानं राज्य मोडलं. या तहानं कुणाचंही काही मोडलं नाही, पोट तेवढं जड होतं.

भाऊजी शाकाहारी. ताई देशात शाकाहारी. तिनं पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: जे विचारलं नाही ते शाकाहारी. भाऊजींना हा नियम तत्त्वतः अमान्य होता, पण भूक लागली की ते तत्त्वांकडे दुर्लक्ष करतात. पासार गडे या मोठ्या बाजारात त्यांना त्यांचा स्वर्ग सापडला. १९३० मध्ये उघडलेली ही इमारत थॉमस कार्स्टन नावाच्या डच वास्तुविशारदाची. उतरतं अवाढव्य छप्पर, आणि उन्हातून आत गेलं की वारा खेळता. भाऊजींनी पाच मिनिटं पन्हाळींचं कौतुक केलं. मग चाबुक राम्बाक आलं: केळीच्या पानावर तांदळाच्या वडीचे पातळ काप, वर तिळाचं दाट वाटण, शेजारी तांदळाची कुरकुरीत चकती. मग ब्राम्बांग आसम, रताळ्याचा उकडलेला पाला आणि वर चिंच-कांद्याची आंबटगोड चटणी. मग लेंजोंगान, म्हणजे कसावा आणि चिकट तांदळाचे रंगीत गोळे, वर ओलं खोबरं आणि ताडगुळाचा पाक. शेवटी सब्जा, नारळाचं दूध, काळा चिकट तांदूळ आणि बर्फ घातलेली दावेत तलासी वाटीभर. सगळं गोड. सोलोत तिखटही आधी गोड असतं, नंतर तिखट होतं.

चहाही गोड, काळा आणि जाईच्या वासाचा. तो करणारा दुकानदार दोन-तीन कंपन्यांच्या पत्त्या स्वतःच्या प्रमाणात मिसळतो आणि ते प्रमाण जावयालाही सांगत नाही म्हणे. भाऊजींनी दूध मागितलं. पोऱ्या अदबीनं हसला आणि आत गेला. दूध आलं नाही, तोही आला नाही.

संध्याकाळी मी त्यांना श्रीवेदारी बागेतल्या नाट्यगृहात नेलं. तिथं शंभराहून अधिक वर्षं वायांग ओरांग चालू आहे; रविवार सोडला तर रोज रात्री जिवंत नट महाभारत करतात, तिकीट नाममात्र. गर्दी आमच्यासह एका एसटीत मावेल एवढी. भाऊजी पहिल्या पंधरा मिनिटांत अस्वस्थ झाले. श्रीकंडी रंगमंचावर आली ती बाई होती. पूर्ण बाई, वर अर्जुनाची बायको, हातात धनुष्य. "शिखंडी?" भाऊजी म्हणाले. पुढे कळलं की द्रौपदीला पाच नाही, एकच नवरा, फक्त धर्मराज. मग द्रोणाचार्य आले, तेही वाकड्या हाताचे आणि लावालावी करणारे. त्यांनी भीमाला काटा काढण्यासाठी समुद्राच्या तळाशी पाठवलं. तिथं त्याला हुबेहूब आपल्यासारखा दिसणारा बोटभर देव भेटला आणि एवढा मोठा भीम त्या देवाच्या डाव्या कानातून आत शिरला. आत सगळं विश्व होतं.

"असं महाभारतात नाही," भाऊजी मोठ्यानं म्हणाले.

"तुम्ही वाचलंय?" ताई.

"पाहिलंय. टीव्हीवर. रविवारी सकाळी."

"मग हे गुरुवारी रात्रीचं आहे. गप्प बसा."

मग सेमार आला. गोल पोट, पांढरी शेंडी, चाल बदकाची. दिसायला पांडवांचा नोकर आणि विदूषक, पण मुळात देव, शंकराचा थोरला भाऊ. त्यानं आपल्या मुलांबरोबर असे काही विनोद केले की पुढच्या रांगेतले म्हातारे खुर्च्यांवरून घसरले. जावानीचं आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. तरी महागाई आणि पुढारी हे विषय चालू आहेत हे तिघांनाही समजलं. कोकणात दशावतार पाहून वाढलेल्या भाऊजींना इथं पहिल्यांदा हायसं वाटलं. संकासुर भेटला नाही, पण त्याच्या गोत्रातला कुणीतरी भेटला होता.

कलेतही सोलोला घर सोडून जायचा कंटाळा. १९३७ मध्ये नेदरलँड्सच्या राजकन्येच्या लग्नात मांकुनगारानची तरुण राजकन्या गुस्ती नुरुल नाचायला हेगला गेली. गामेलान या तिथल्या वाद्यवृंदाचा ताफा एवढा जड, की वादक काही हलले नाहीत. त्यांनी सोलोत बसून वाजवलं, ते रेडिओवरून सातासमुद्रापार गेलं आणि तिकडे ती त्या तालावर नाचली. घरून काम ही पद्धत आपल्याला फार उशिरा कळली.

रात्री दोनला आम्ही मार्गोयुदानला पोचलो. तिथं कोवळ्या फणसाची भाजी, गुडग, गाडीवर मिळते. मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि लोक रांगेत उभे असतात, जणू सकाळचे अकरा वाजलेत. भाजी गुळात आणि नारळाच्या दुधात तासन् तास शिजलेली, वर कोंबडीचे पाय. भाऊजींनी खुणेनं पाय नको सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि पाय वेगळ्या पानात दिले. भाऊजींनी फणस खाल्ला आणि गप्प झाले. त्यांच्या आईची फणसाची भाजी गोड नसे, ताई सांगत होती, पण एरवी अशीच मऊ असे. दुसरं पान मागवल्यावर त्यांनी तिखटाचा आग्रह धरला. पाय मी खाल्ले. एक ताईनंही खाल्ला. विचारलं नव्हतं.

परत येताना वाटेत एक हिक उघडा होता. हिक म्हणजे ताडपत्रीखालची गाडी, निखाऱ्यावर तीन किटल्या, समोर मुठीएवढ्या भाताच्या पुड्या, तळलेलं टेंपे म्हणजे सोयाबीनच्या वड्या, टोफू आणि आल्याचा काढा. चटईवर बसायचं आणि हवं ते आपण उचलायचं. मालक बघत नाही. उठताना आपणच काय खाल्लं ते सांगायचं, तो बेरीज करतो. जन्मभर मोजमाप पुस्तकांवर सह्या केलेल्या माणसाच्या पचनी ही व्यवस्था पडणं कठीण. भाऊजी म्हणाले आपण तेरा टेंपे खाल्ले. ताई म्हणाली अकरा. मी म्हणालो बारा. मालकानं हसून अकराचे पैसे सांगितले. भाऊजींना तो अपमान वाटला. त्यांनी तेराचे पैसे गाडीवर ठेवले आणि हात जोडले. मालकालाही ते बरं वाटलं नसावं. तो वरचे पैसे परत देऊ लागला, भाऊजी घेईनात. शेवटी त्यानं दोन गरम टेंपे पानात घालून भाऊजींच्या हातात ठेवले. भाऊजींनी एक खाल्लं, एक ताईला दिलं. मग पुन्हा चटईवर बसून वही उघडली आणि म्हणाले, "आता हे धरायचे की नाही?"